सत्यप्रत

तो लाल चौकोन आधी त्याला डागच वाटला – नखाएवढा, पडद्याच्या बरोबर मध्यावर – आणि शेजारच्या टेबलावर काकू रोज अकराला बीट खातात त्याचा एखादा थेंब इकडे उडाला असणार असं धरून त्याने तो बोटाने पुसला, बोट पँटला पुसलं, परत चौकोन पुसला. चौकोन होता तिथेच. आता फक्त त्याच्यावर बोटाचा तेलकट ठसा उमटला होता, गुन्ह्याच्या जागी सापडतो तसा. म्हणजे डाग नव्हता. म्हणजे काम होतं.

काम सांगायला फार सोपं होतं, म्हणूनच तो ते कुणाला सांगत नसे. लोक कर्ज काढतात. ज्यांच्याकडून काढतात ते दर महिनाअखेरीला इथे कळवतात की अमक्याने हप्ता वेळेवर भरला की नाही. आणि इथे त्या माणसाच्या नावावर त्या महिन्याचा एक चौकोन पडतो. वेळेवर भरला, हिरवा. एक हप्ता थकला, पिवळा. दोन थकले, लाल. पुढे पैसे भरले, दंड भरला, हात जोडले, तरी पडलेला चौकोन पाच वर्षं हलत नाही, आणि तो माणूस पुन्हा कुठे कर्ज मागायला गेला की समोरचा आधी चौकोन बघतो आणि मग, वेळ उरला तर, माणसाकडे. ज्याला आपला चौकोन चुकलाय असं वाटतं तो तक्रार करतो. ती तक्रार त्याच्या पडद्यावर येते. नावाशिवाय येते – नाव वाचून कुणाला पाझर फुटू नये म्हणून – नुसता क्रमांक, चौकोन, आणि पाचांतून निवडलेलं एक कारण: कर्ज माझं नाही, हप्ता वेळेवर भरला होता, रक्कम चुकीची आहे, खातं बंद झालं आहे, इतर. खरी कारणं सगळी ‘इतर’मध्ये असत. नवरा निघून गेला. पाय मोडला. एकाने लिहिलं होतं, मी त्या महिन्यात प्रेमात होतो, तारखा कळत नव्हत्या. त्याचं अभिनंदन करावं असं फार वाटलं होतं, पण तसं बटण नव्हतं.

बटणं तीन. ‘नोंद योग्य’. ‘नोंद दुरुस्त’. आणि कोपऱ्यात राखाडी रंगाचं ‘परिचित’ – तक्रारदार ओळखीचा निघाला तर ते दाबायचं, की फाइल शेजारच्या टेबलावर जाते. तीन वर्षांत त्याने ते एकदाही दाबलं नव्हतं. यावरून एकतर त्याच्या ओळखीतले सगळे वेळेवर भरणारे होते, किंवा त्याला ओळखीच नव्हत्या.

“तुझ्याकडे आज तिसावे किती रे?” काकूंनी विचारलं. काकू कुणाच्याच काकू नव्हत्या. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या, एवढंच.

“एक.”

“मग उरकून टाक. मोजपट्टी सकाळपासून फेऱ्या मारतोय.”

मोजपट्टी म्हणजे साहेब. सरळ, सपाट, कडेला आकडे छापलेले असावेत असा माणूस. आणि तिसावा म्हणजे तिसाव्या दिवसाला पोचलेली तक्रार. त्या दिवशी साडेपाचच्या आत उत्तर गेलं नाही, तर कंपनीचा नियम असा, की संशयाचा फायदा तक्रारदाराला, आणि चौकोन आपोआप हिरवा. गेल्या वर्षी एकाचं पोट बिघडलं, तो चार दिवस घरी बसला, आणि अकरा अनोळखी माणसं धुतल्या तांदळासारखी झाली. त्याच्या स्वतःच्या नोकरीच्या फाइलीत मात्र अकरा लाल चौकोन पडले. कर्मचाऱ्यांनाही चौकोन होते, उगाच भेदभाव नको म्हणून. त्याची बढती गेली. पोट बरं झालं.

तर, आजचा तिसावा. कर्ज: कपडे धुण्याचं मशीन. हप्ते अठरा. आठवा पिवळा, नववा लाल, बाकी सगळे हिरवे. कारण: हप्ता वेळेवर भरला होता. ज्यांनी कर्ज दिलं त्यांचा जबाब आज सकाळीच आला होता – तपासले, नोंद बरोबर आहे. सरळ प्रकरण, नऊ सेकंदांचं. गंमत म्हणजे... त्याला खरोखरच गंमत वाटली, नऊपैकी एक सेकंद... की त्याच्या खोलीतही असंच एक मशीन होतं, असंच अठरा हप्त्यांवर घेतलेलं, आणि पिळून काढताना ते जमिनीवरून चालत दारापर्यंत जायचं, जणू त्यालाही बाहेर पडायचं आहे. मग त्याने पुरावा उघडला.

पुरावा अठरा पानांचा होता. प्रत्येक पानावर मोबाइलवरचा एक मेसेज, छापलेला, वर तारीख, खाली निळ्या शाईत अनुक्रमांक, आणि ‘सत्यप्रत’ असं लिहून सही, नाव कळू नये म्हणून कंपनीने काळी पट्टी मारलेली. अक्षर उभं, स्वच्छ, प्रत्येक काना शिस्तीत. पहिल्या पानावर – भरला. दुसऱ्यावर – भरला ग. तिसऱ्यावर – भरला, भरला, भरला, झोप आता.

अक्षर ताईचं होतं. शब्द माझे होते.

तो खुर्चीत थोडा मागे सरकला. काही झालं नव्हतं. काकू बीटाचा डबा धुवायला गेल्या होत्या, छपाईयंत्र कुणाचं तरी काहीतरी छापत होतं, आणि पडद्यावर तक्रारीच्या मजकुराच्या चौकटीत, जिथे लोक एकदोन ओळी लिहितात, तिथे ताईने पूर्ण परिच्छेद पाडून लिहिलं होतं: मी आजवर कोणतीही गोष्ट उशिरा केलेली नाही. ज्या महिन्याबद्दल आपण म्हणता तो मला चांगला आठवतो, कारण त्याच महिन्यात माझ्या धाकट्या भावाला नोकरी लागली. हे हप्ते तोच भरत होता. सोबत त्याचे लेखी पुरावे जोडले आहेत.

लेखी पुरावे.

तेव्हा त्याची फाइल कोरी होती. एकही चौकोन नाही, हिरवाही नाही. आणि कोऱ्या माणसाला कुणी उधार देत नाही, कारण तो सज्जन आहे की अजून सुरुवात व्हायची आहे हे कळत नाही. म्हणून ताई आली. दुकान उघडायच्या अर्धा तास आधी आली, दुकानदार कुलूप काढत होता तेव्हा त्याच्या मागे उभी राहून तिने त्याला घाबरवलं, आणि मग सही केली. तिच्या नावावर कर्ज, त्याच्या खोलीत मशीन, त्याच्या खात्यातून हप्ता. “मोबाइल नंबर माझाच द्या,” तो दुकानदाराला म्हणाला होता, “तिला कशाला कटकट.” हे तो तिच्याच भल्यासाठी म्हणाला होता. त्या वेळी तरी. ताईची अट एकच – पाच तारखेला एक शब्द कळवायचा. एक शब्द, ठोंब्या, निबंध नको.

ताई दात बनवते. लोकांचे. डॉक्टर मापं पाठवतात, ती बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसून कवळ्या घडवते, आणि भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात, प्रत्येकाला दोऱ्याने तारीख बांधलेली. लहानपणी – म्हणजे ताई शिकत होती आणि तो शाळेत होता तेव्हा – तो त्या जबड्यांना आपसांत बोलायला लावायचा, आणि ताई हसायची, पण हात थांबायचा नाही, कारण मंगळवारचे दात मंगळवारीच जायला हवेत. कुणीतरी तोंड मिटून वाट बघत बसलंय, ती म्हणायची. त्या दोन खोल्या आता घरमालक विकतोय. दीड महिन्यापूर्वी तिने फोनवर सांगितलं, म्हणाली, मीच घेईन म्हणते, चौदा वर्षांचं बस्तान आहे. आणि पंधरा दिवसांनी म्हणाली, बँक नको म्हणतेय, कागदांत काहीतरी आहे म्हणे. आणि तो – इथे काम करणारा, हेच काम करणारा – तो काय म्हणाला होता? “बघूया.” म्हणाला होता. काय कागद, कुठले कागद, हे त्याने विचारलं नव्हतं. ज्याला उत्तर माहीत असतं तो कशाला विचारतो... नाही, तसं नाही, त्या दिवशी घाई होती. काहीतरी होतंच.

जेवणाच्या सुटीत फोन वाजला. जिन्यात जाऊन त्याने तो घेतला.

“जेवलास?”

“जेवतोय.”

“काय?”

“पाव.”

“नुसता पाव? कर, असंच कर, दात गेले की माझ्याकडेच येशील. घरच्यांना सूट नाही, आत्ताच सांगून ठेवते.” मागे तिच्या घासायच्या यंत्राची बारीक शिट्टी चालू होती. “ऐक, एक सांगायचंय, पण चिडू नकोस.”

“मी कधी चिडलोय?”

“तेच तर. चिडलास की बरं असतं, तू नुसता गप्प होतोस. मी तुमच्या कंपनीत तक्रार टाकलीय. महिना झाला. तुला मुद्दाम बोलले नाही – म्हटलं, उद्या कुणी म्हणेल वशिला लावला. तुझी नवी नोकरी.”

“तीन वर्षं झाली, ताई.”

“मग काय, तीन वर्षांची नोकरी म्हणजे दुधाचे दात. तर ते म्हणतात, तुझ्या त्या मशीनचे दोन हप्ते थकलेत. माझ्या नावावर. मी म्हटलं, बाबांनो, माझ्याकडे लेखी आहे.”

“काय लेखी आहे?”

“तू. अठरा वेळा.”

जिन्यात कुणीतरी कागदी पेला टाकला होता. तो त्याने पायाने सरळ उभा केला.

“बँकेची पावती मागतात ना ते,” तो म्हणाला. “बहुतेक.”

“पावती काय, यंत्रातून निघते. तू स्वतःच्या हाताने लिहिलंयस. एकदा मध्यरात्र व्हायला चार मिनिटं असताना लिहिलंयस, पण तारीख पाचच. ते बघून मला इतकं हसू आलं... आईला दाखवायला हवं होतं. म्हणायची ना, हा जन्मालासुद्धा दोन आठवडे उशिरा आला.”

“हं.”

“आज तिसावा दिवस. आज उत्तर देणं भाग आहे त्यांना, मी नियम वाचलाय. साडेसहाला घरमालक येतो, त्याला हो की नाही ते सांगायचं. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे त्याच्याकडे. बँकेतला म्हणाला, तेवढे दोन चौकोन निघाले तर माझी सही आजच.”

“आणि नाही आलं उत्तर?”

“येईल रे. लोक वेळ पाळतात. सगळेच काही लग्नाला जेवणं आटोपल्यावर पोचणारे नसतात.”

मग तिने, कोंबडीच्या अंड्याएवढे सुळे असलेल्या एका म्हाताऱ्याचं माप आलंय, त्यात प्लास्टर ओतायचंय, असं सांगून फोन ठेवला. आणि तो पेल्याकडे बघत उभा राहिला, कारण तो एका प्रश्नाची वाट बघत होता. भरला होतास ना रे? एवढंच. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं ते त्याला माहीत नव्हतं, पण काहीतरी सांगावं लागलं असतं. तिने विचारलं नाही. धीर करून टाळलं असंही नाही, तिला ते सुचलंच नाही.

दोन वाजता त्याने पुरावा पुन्हा उघडला. आठवं पान: भरला. हे खोटं नव्हतं. म्हणजे खोटं होतं, पण त्याला ठाऊक नव्हतं. नोकरी लागली होती, आणि या कंपनीने – हिने – पगारासाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडायला लावलं होतं. जुन्या खात्यात पैसे उरले नव्हते आणि हप्ता आपोआप जाणारा आपोआप गेला नाही. ही हकिकत त्याला तोंडपाठ होती. गेली तीन वर्षं ती त्याने स्वतःला अनेकदा सांगितली होती, आणि दर वेळी ती ऐकून त्याला स्वतःबद्दल सहानुभूती वाटली होती: खातं बदललं, गोंधळ झाला, होतं असं. हकिकतीत एकच दोष होता. ती आठव्या पानाची होती.

नववं पान.

भरला. आणि नोकरी मस्त आहे.

वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. आणि आता, त्या दोन-दहाकडे बघताना, ती खोली त्याच्या डोळ्यांपुढे आली, नको असताना, दिव्यांसकट: प्रशिक्षणाची खोली, काळा फळा, नवीन लागलेले चौदाजण, आणि शिकवणारी बाई – तिच्या हातात पिवळा खडू होता आणि पांढरा संपलाय म्हणून ती वैतागली होती – ती सांगत होती, लक्षात ठेवा, आपण कारण नोंदवत नाही, दिवस नोंदवतो, चौकोनाला हेतू नसतो. सगळे ते वहीत उतरवून घेत होते. तोही. वहीखाली मोबाइल होता. मोबाइलवर चोवीस दिवसांपूर्वीचा एक संदेश होता, आपला हप्ता जमा झालेला नाही, आणि त्यानंतरचे तीन, आणि त्या सकाळचा एक, सगळे वाचलेले. उघडून, वाचून, बंद केलेले. त्याने उजव्या हाताने ‘चौकोनाला हेतू नसतो’ असं लिहिलं आणि डाव्या हाताने ‘भरला’.

संध्याकाळी भरणार होता. खरंच. संध्याकाळी पहिल्या पगाराचं म्हणून सगळे कुठेतरी बसले, मग उशीर झाला, मग दुसरा दिवस आला, आणि मग तो दुसरा दिवस सव्वीस दिवस चालला. पैसे होते. हे तो कधीही स्वतःच्या हकिकतीत घेत नसे – पैसे होते, खिशात, नव्या खात्यात, तीन हप्त्यांचे, सहा हप्त्यांचे. त्याने त्या महिन्यात बूट घेतले होते, न लागणारे. पाय मोडला नव्हता. कुणी पळून गेलं नव्हतं. तो प्रेमातसुद्धा नव्हता. ‘इतर’मध्ये लिहायला त्याच्याकडे काहीही नव्हतं... आणि आपल्याकडे कारण नाही हे कळणं किती विचित्र असतं – घरभर शोधलेली वस्तू मुळात घेतलीच नव्हती असं कळावं तसं.

होतं. एक होतं. मला ते आठवतं. सव्वीस दिवसांपैकी एका दिवशी, बसथांब्यावर, मी हिशेब केला होता: लाल पडेल, पण तिच्या नावावर पडेल, आणि ताई कुठे जन्मात कर्ज काढणार आहे? हे वाक्य तयार झालं, स्वच्छ, कान्यामात्रांसह, आणि मग बस आली.

“हे काय, अजून तीच फाइल?” काकू त्याच्या खांद्यावरून वाकल्या. “केवढा पुरावा. कोर्टात उभा राहिलाय का हा?”

“बाई असावी. अक्षरावरून.”

“अक्षर छान आहे,” काकू म्हणाल्या आणि आपल्या जागी गेल्या. कोपऱ्यातलं राखाडी बटण त्याने त्या वेळी दाबलं असतं तर फाइल त्यांच्याकडे गेली असती. त्यांनी सकाळचा जबाब बघितला असता, ‘नोंद योग्य’ दाबलं असतं, आणि अक्षर छान आहे असं पुन्हा एकदा म्हणाल्या असत्या. ‘नोंद दुरुस्त’ दाबायला जबाबाचा क्रमांक लागतो; जबाब उलटा होता. राहिलं काय? काही न करणं. साडेपाचपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचं, की चौकोन हिरवे. एका उशिरावर दुसऱ्या उशिराचा उतारा. आणि या एकाच कामात तो या इमारतीतला सर्वांत तयार माणूस होता. त्याच्या फाइलीत एक लाल पडेल, मोजपट्टी बोलावेल, बढतीचं कठीण होईल. पडू दे. तो तर त्याचाच चौकोन होता, तीन वर्षं दुसऱ्याच्या घरी राहायला गेलेला.

हे सुचलं तेव्हा त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने जाऊन पाणी प्यायलं.

पाणी पिताना मात्र ते पुढे सरकलं. साडेपाचला कंपनी ताईला कळवेल: आपली तक्रार मान्य, नोंद चुकीची होती. म्हणजे हप्ता वेळेवर भरला होता. म्हणजे नववं पान खरं. ताई साडेसहाला घरमालकाला हो म्हणेल, आणि वर सांगेल – ती सांगेलच, दारात उभं राहून, हातात प्लास्टर असताना – माझ्या भावाचा शब्द होता, लेखी. कंपनीला माघार घ्यावी लागली. मग ती गोष्ट मावशीला सांगेल. मग दरवर्षी सांगेल. एका थापेखाली ताईने सत्यप्रत म्हणून सही केली होती, आता तिच्यावर कंपनीचाही शिक्का बसेल, आणि त्यानंतर त्याने कधी, म्हातारपणी, कवळी घातल्यावर, खरं सांगितलं तरी ते चुकीची नोंद ठरेल. तिला घर मिळेल. मिळायलाच हवं. पण ज्याने ते घालवलं होतं त्यानेच मिळवून दिलं असं होईल, आणि ती त्याचे आभार मानेल, आणि तो म्हणेल, अगं त्यात काय.

तो म्हणेल. त्याला ते ऐकूही आलं.

पाचला दहा कमी असताना मोजपट्टी आला. “तो एक राहिलाय?”

“बघतोय, सर.”

“बघायचंय काय? जबाब आलाय ना?”

“पुरावा वाचतोय.”

“काय पुरावा?”

“मेसेज आहेत. भावाचे.”

“भावाचे?” मोजपट्टी तीन वर्षांत पहिल्यांदा हसला, पट्टीला थोडा बाक आल्यासारखं दिसलं. “उद्या आजीची शपथ जोडतील. टाका उरकून.” आणि तो सरळ होऊन निघून गेला.

सव्वापाच. त्याने मोबाइल काढला आणि ताईचं नाव उघडलं. वरपर्यंत सरकत गेलं तर तिथेही ते सगळे असणार, अठरा, पण त्याने सरकवलं नाही. त्याने लिहिलं: ताई, नववा भरला नव्हता. मला माहीत होतं. आणि थांबला. हे आत्ता पाठवलं तर ती काय करेल ते त्याला पक्कं माहीत होतं: ती तक्रार मागे घेईल. साडेपाचच्या आत. वेळेत. चौकोन राहतील, घर जाईल, जबडे खोक्यांत भरले जातील, तारखांसकट. साडेपाचनंतर पाठवलं तर घर राहील... आणि तिला कळेल की थांबून पाठवलं. वेळ छापलेली असते वर. आणि ती पानं ताई छापून घेते.

शब्द तसेच चौकटीत राहिले, न पाठवलेले, शेजारी ती बारीक उभी रेघ लुकलुकत.

पाच पंचवीसला काकूंनी पर्स आवरली, खुर्ची आत ढकलली, मग थांबल्या.

“अरे, तुझा तो तिसावा पडलाच आहे ना अजून? पाच मिनिटं राहिलीत. दाब आणि नीघ.”

“दाबतो,” तो म्हणाला.

काकू गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यात उतरत गेला आणि त्याच्या मागे त्याचा शब्द तेवढा उरला, टेबलावर, कुणी विसरून गेल्यासारखा. दाबतो. सहज, हसऱ्या चेहऱ्याचा, समोरच्याने निश्चिंत होऊन घरी जावं असा. त्याने तो पुन्हा एकदा, हळू, म्हणून बघितला. हा आवाज त्याने इतकी वर्षं आतून काढला होता, बाहेरून कधी ऐकला नव्हता. ताईला तो असा ऐकू येत असणार, महिन्याच्या पाच तारखेला, आणि त्यानंतर ती दिवा मालवून झोपत असणार.

पडद्यावर लाल चौकोन होता, सकाळच्या बोटाचा ठसा अजून त्याच्यावर. हात मांडीवर होते. ते तिथे त्याने ठेवले होते की नुसते राहिले होते हे त्याला सांगता येईना, आणि आज पहिल्यांदाच त्याला ते सांगता यायला हवं होतं – कोणाला नाही, स्वतःलाच, एका शब्दात, निबंध नको – आणि चार मिनिटं होती, आणि मी वेळेवर होतो.